चौथा कोपरा

"गावकऱ्यांनी पॅनेलं नीट वापरली नाहीत," असं सारंग दिवेकर तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा वैजयंती कुबलने हातातला कप असा आपटला की बशीचे दोन तुकडे झाले.

"नीट वापरली नाहीत म्हणजे काय हो? छपरावर उन्हात पडून राहायचं, एवढंच पॅनेलाचं काम. ते चुकीचं कसं करतात, जरा मला शिकवा!"

दिवेकर सौर पॅनेलांच्या कारखान्याचा व्यवस्थापक. पुण्याहून आलेला, आवाज कधी चढू न देणारा, आणि म्हणूनच तिचं डोकं सगळ्यात जास्त फिरवणारा माणूस. त्याने बशीच्या तुकड्यांकडे पाहिलं आणि एक कागद पुढे सरकवला. "खारं पाणी, काथ्याचे ब्रश, धुण्याचा सोडा. त्याने कडा खराब होतात. वापरातला दोष. शुक्रवारी जिल्ह्याच्या कचेरीत चौकशी आहे, ऊर्जा विभागाचे तिघे बसणार आहेत. प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणून तुमची सही हवी."

"मेलेलं एक तरी पॅनेल कापून बघितलंत?"

"त्याची गरज वाटली नाही."

"गरज वाटली नाही!" वैजयंती उठलीच. "सुरूबेटावर तीनशे बारा घरं आहेत. एप्रिल चालू आहे. तिथलं पाण्याचं यंत्र दिवसाला जेमतेम दोन तास चालतंय, आणि तुम्हाला गरज वाटली नाही? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. सही-बिही काही मिळणार नाही. मी उद्या बेटावर जाते."

"मॅडम, तुम्ही चिडताय."

"हो, चिडलेय! कोणीतरी चिडायला नको का?"

आणि खरंच, चिडायला नको का? सगळं ऐका, मग तुम्हीच सांगा.

ही गोष्ट २०४१ सालची. त्याआधी सातेक वर्षं बाजारात दुपदरी पॅनेलं आली होती. खाली नेहमीचं सिलिकॉन, आणि त्याच्यावर पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकाचा एक थर, केसापेक्षा कितीतरी पातळ. तेवढ्या थराने त्याच उन्हातून दीडपट वीज निघायची. पण ह्या पदार्थाची एक खोड होती. पाण्याशी त्याचं हाडवैर. हवेतला नुसता ओलावा आत शिरला तरी तो काळा थर विस्कटायचा आणि मागे उरायचा शिशाचा पिवळा क्षार. पिवळं पडलं की पॅनेल मेलं. राजस्थानात एक वेळ चालून जाईल, पण जिथे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलेला बुरशी येते त्या कोकणात कसं चालणार?

त्याच्यावर उतारा निघाला तो कडेच्या पट्टीचा. वर काच, खाली काच, आणि दोन काचांच्या मध्ये चारही कडांनी फिरवलेली काळ्या ब्यूटाइल रबराची बारा मिलिमीटर रुंद पट्टी. ब्यूटाइल म्हणजे ज्याच्यातून हवासुद्धा सहजी जात नाही असं रबर; टायरच्या ट्यूब त्याच्याच करतात. त्यात ओलावा पिणारे बारीक दाणे मिसळलेले. पाण्याच्या वाफेला आत यायचं तर ते बारा मिलिमीटर चालावं लागणार, आणि वाटेत हे दाणे तिला गिळत राहणार. वैजयंतीने अशी पॅनेलं पंच्याऐंशी अंश उष्णता आणि पंच्याऐंशी टक्के दमटपणा असलेल्या पेटीत कोंडली. नियम हजार तासांचा, तिने पाच हजार तास ठेवली. बाहेर काढली तेव्हा आतला थर काळाकुळकुळीत होता. हिशेबाने आयुष्य निघालं चाळीस वर्षं. तिने हमीपत्रावर सही ठोकली.

त्या सहीचं पुढे काय झालं बघा. खाडीपल्याडच्या अकरा गावांना वीज जायची ती पाण्याखालच्या तारेने. दर वादळात तार तुटायची, दर वेळी माणसं पाठवा, होड्या पाठवा. साहेबलोकांनी विचार केला, चाळीस वर्षांची हमी आहे ना, मग तारेची कटकट हवी कशाला? दोन वर्षांत सगळ्या तारा उचलल्या, खांबसुद्धा कापून नेले. सुरूबेटाच्या विहिरी तर समुद्र चढल्यापासून खाऱ्या झालेल्या. तिथे खाऱ्याचं गोडं पाणी करणारं यंत्र पॅनेलांवर चालायचं. पॅनेलं मेली की प्यायला घोटभर पाणी नाही, इतका सरळ मामला. आणि पाचव्याच वर्षी पॅनेलं पिवळी पडायला लागली.

बुधवारी सकाळी लाँचने ती बेटावर उतरली, तर धक्क्यावर सुलभा मालंडकर कमरेवर हात ठेवून उभी. सुलभा पाण्याचं यंत्र सांभाळायची. हे बेट वैजयंतीचं आजोळ. लहानपणी मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या दोघींनी एकत्र काढलेल्या. पण गेलं वर्षभर सुलभाने तिचा फोन उचलला नव्हता.

"इलंस?" सुलभा म्हणाली. "ये. बघ तुझ्या सहीचा काय झाला ता."

"सुलू, मी मेलली पॅनेलां नेवक—"

"आधी हंडे बघ. पॅनेलां मगे."

यंत्राच्या खोलीबाहेर हंड्यांची रांग लागली होती, प्रत्येकावर रंगाने घराचं नाव. "घराक दोन हंडे," सुलभा बोटाने दाखवत गेली. "पिणा, जेवण, म्हातारी माणसा, बाळंतीण, सगळा त्याच्यातच. सकाळी दव पडता, पॅनेलां भिजतत, यंत्र बंद. दुपारी दोन तास चलता आणि परत आचके देता."

दव का बाधतं ते वैजयंतीला सांगायला नको होतं. कडेतून पाणी शिरलेलं पॅनेल ओलं झालं की वीज गळायला लागते आणि सुरक्षेचा खटका आपोआप पडतो. खटका पडणं बरोबरच होतं, नाहीतर हात लावील त्याला झटका बसला असता. तिने विचारलं, "पॅनेलां धुवक सोडो वापरलास काय गो तुमी?"

सुलभा जी भडकली! "सोडो? हयसर पिवक पाणी नाय आणि आमी सोड्यान पॅनेलां धुतलंव? तुमच्या पुस्तकात लिवलला तसा पाच वर्षां मऊ फडक्यान पुसलंव. तार उचलूक माणसा इली तेव्हा मी वाटेत आडवी पडललंय, ठावक आसा तुका? उठणा नाय होतंय. तेव्हा माका काय सांगलानी? कुबलांच्या वैजूची सही आसा. उठलंय मी. तुझ्या नावार उठलंय गो!"

वैजयंतीला तोंड वर करवेना. लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ असा संताप आला की ती दोन-दोन पायऱ्या गाळत शिडी चढली. छपरावर दोनशे पॅनेलं होती, त्यातली निम्म्याच्या वर पिवळी. पण बघता बघता ती थबकली. पिवळा डाग प्रत्येक पॅनेलात एकाच जागेवरून निघाला होता, खालच्या उजव्या कोपऱ्यातून. बाकीच्या तीन कोपऱ्यांना ओरखडासुद्धा नव्हता. सोड्याने नि ब्रशने कडा खराब व्हायच्या, तर चारही व्हायला हव्या होत्या.

खालचा उजवा म्हणजे चौथा कोपरा. कारखान्यात रबराची पट्टी यंत्र घालायचं. पहिल्या कोपऱ्यातून निघून गोल फिरून चौथ्यात यायचं, तिथे पट्टीची दोन टोकं भेटायची, आणि त्या भेटीत केसाएवढी फट राहायचीच. यंत्र बनवणाऱ्यांनी हात टेकले होते. तेव्हा वैजयंतीनेच छाती पुढे काढून सांगितलं होतं, "फट बुजवणारा माणूस माझ्या घरात आहे."

तो माणूस म्हणजे तिचा बाप. दत्ताराम कुबल, सगळ्या किनाऱ्यावर दाजी मेस्त्री. पन्नास वर्षं त्याने होड्यांच्या फळ्यांमधल्या फटी कापूस आणि राळ ठासून बुजवल्या होत्या. लाकडी होड्या संपल्या आणि तो ओट्यावर बसून राहिला होता. लेकीने कारखान्यात नेलं, तर म्हातारा महिन्याभरात चाळीस जणांना अंगठ्याने कोपरा दाबायला शिकवून मोकळा झाला. कंपनीने त्याच्या अंगठ्याचा फोटो काढून गावोगावी लावला. 'पन्नास वर्षांचा हात, चाळीस वर्षांची हमी.' यंत्राच्या खोलीच्या भिंतीवर तोच फोटो अजून चिकटलेला होता. तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि चार मेलेली पॅनेलं लाँचवर चढवली.

दुपारी प्रयोगशाळेत दार लावून ती एकटीच कापायला बसली. पहिल्या कोपऱ्यातली पट्टी पटाशीने सुटेना. काच फुटली, पण रबराने काच सोडली नाही. दुसरा तसाच, तिसरा तसाच. चौथ्याला पटाशीचं टोक लावलं मात्र, पट्टी दुधावरची साय निघावी तशी अलगद निघून आली. खालची काच हाताला बुळबुळीत लागली. तिने कापसाच्या बोळ्याने ते पुसून घेतलं आणि पदार्थ ओळखणाऱ्या यंत्रात घातलं. अवरक्त किरण सोडून यंत्र प्रत्येक पदार्थाची ओळख पटवायचं. पाच मिनिटांत पडद्यावर उत्तर आलं. खोबरेल.

"आई गं," असं ती मोठ्याने म्हणाली आणि स्टुलावर बसली.

दाजीच्या टेबलावर उजव्या हाताला खोबरेलाची वाटी असायची. त्याच्या चाळीस शिष्यांच्याही टेबलांवर असायची. कोमट रबर अंगठ्याला चिकटतं, म्हणून अंगठा तेलात बुडवायचा आणि मग दाबायचा. होडीवर राळ दाबताना तो हेच करायचा, त्याचा बाप हेच करायचा. होडीला ते चालायचं, कारण लाकूड तेल पिऊन टाकतं आणि राळ घट्ट बसते. काच थेंबही पीत नाही. तेलाचा पापुद्रा काच आणि रबर यांच्या मधे तसाच राहतो, आणि पाण्याला बारा मिलिमीटर रबरातून वाट काढायची गरजच उरत नाही. ते तेलाच्या कडेकडेने सरळ आत जातं.

ती वाटी वैजयंतीने पाच वर्षं रोज पाहिली होती. रोज! मग तिला कळलं कसं नाही? तर त्याचंही ऐका. त्या किनाऱ्यावर एक रीत आहे. मेस्त्रीने सांधा भरला की त्याच्यावर पाणी ओतून बघायचं नाही, होडी सरळ समुद्रात लोटायची. पाणी ओतणं म्हणजे मेस्त्रीच्या तोंडावर थुंकणं. दर महिन्याला चालू मालातलं एक पॅनेल दमट पेटीत घालायचं, असा कारखान्याचा नियम होता. पहिल्या महिन्यात दाजीच्या हातचं पॅनेल समोर आलं, आणि वैजयंतीला बापाची परीक्षा घ्यायची लाज वाटली. तिने ते परत पाठवलं आणि प्रयोगशाळेत दाबयंत्राने बनवलेलं जुनं पॅनेल पेटीत घातलं. मग दर महिन्याला तेच करायचा पायंडा पडला. इतकी शिकलेली बाई, पण शेवटी मेस्त्र्याची लेक! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

गुरुवारी सकाळी ती दिवेकरच्या खोलीत घुसली. "चौथ्या कोपऱ्यात तेल आहे. खोबरेल. आपल्याच कारखान्यातलं. एकोणीस हजार पॅनेलं आहेत असली, अकरा गावांत!"

दिवेकरच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. तेव्हा तिला समजलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"दुसऱ्या वर्षापासून," तो शांतपणे म्हणाला. "तेल न लावता एका पाळीत सत्तर कोपरे व्हायचे. तेलाने एकशेऐंशी. आणि दर महिन्याला तुमची चाचणी पास होत होती, तुमच्याच सहीने. मी कशाला शंका घेऊ?"

हा घाव वर्मी बसला. खरंच होतं ते. तो पुढे म्हणाला, "हे बघा, कोकणात माणसं होडीला तेल लावतात, दाराच्या कडीला लावतात. पॅनेललाही लावली असतील. आम्ही तेच म्हणणार. तुमच्या वडिलांशी माझं बोलणं झालंय. ते सांगतील, कारखान्यात तेल कधी नव्हतंच. त्यांचं नाव राहील, चाळीस जणांचं काम राहील आणि तुमचंही राहील."

"आणि बेटाचं काय राहील?"

"पॅनेलं बदलून द्यायचा त्यांचा अर्ज नव्याने घेऊ ना. पावसाळ्यानंतर."

"पावसाळ्यानंतर! तोवर काय समुद्र पितील?" वैजयंती ओरडली. बाहेरची माणसं माना वळवून बघायला लागली. "किडे पडतील तुमच्या जिभेला, दिवेकर. शुक्रवारी मी सगळं सांगणार आहे."

"सांगा," तो म्हणाला. "तुमच्या वडिलांच्या समोर सांगा."

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दाजी ओट्यावर पान लावत बसला होता. ऐंशीला टेकलेला, पण पाठ अजून ताठ. तिने पायातली चप्पलसुद्धा काढली नाही.

"बाबा, दिवेकराक काय कबूल केलास तुमी?"

"जा खरा ता."

"तेल लावत होतास की नाय?"

"तेल लावल्याबिगर राळ बसता काय गो? माझ्या बापाशीन लावल्यान, आज्यान लावल्यान. माझ्या हातची एक होडी बुडाली नाय!"

"लाकूड तेल पिता, बाबा! काच पिणा नाय! तेल थयच ऱ्हवता आणि पाणी त्याच वाटेन आत जाता. आयच्या गावाक आज घराक दोन हंडे पाणी आसा. दोन हंडे!"

दाजीने पानाचा डबा असा बाजूला सारला की सुपारी ओटाभर पसरली. "मगे तेव्हाच कित्याक नाय सांगलंस? तू शिकलली. तू साहेबीण. पाच वर्षां माझ्या वाटीकडे बघत इलंस, तेव्हा तुझी वाचा बसलली? आणि आज माका शिकवतंस?"

"माझा चुकला. तुमची परीक्षा घेवची माका लाज वाटली. उद्या मी ता सगळ्यांसमोर सांगतलंय. तुमी पण सांगा."

"मी सांगतलंय, तेल नव्हता."

"बाबा!"

"ऐंशी वर्षां ह्या किनाऱ्यार माझा नाव आसा. ता तू मातीत घालूक निघालंस. दुसऱ्या कोणी केला असता तर मी तेका समजलंय असतंय. पोटची पोर!" तो उठला, आत गेला आणि दार लावून घेतलं.

आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुखणार कोणाला? पण त्या संध्याकाळी वैजयंतीला बापाची कीव आली नाही. तिला त्याचा राग आला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत राग आला. म्हाताऱ्याला नाव हवं होतं, आणि तिकडे सुलभा हंडे मोजत होती. ती ओट्यावरची सुपारी न उचलताच आत गेली.

शुक्रवारी कचेरीतल्या मोठ्या दालनात तिघे अधिकारी बसले होते, मधे अध्यक्षबाई. मागच्या बाकांवर सुलभा आणि बेटावरची वीसेक माणसं. दाजी एका बाजूला, धुतलेलं धोतर आणि डोक्यावर टोपी, लेकीकडे पाठ करून बसलेला.

वैजयंतीने काहीही राखलं नाही. तेल सांगितलं, वाटी सांगितली, दिवेकर दुसऱ्या वर्षापासून गप्प होता ते सांगितलं, आणि पेटीत चुकीचं पॅनेल घालून आपण पाच वर्षं सह्या केल्या हेही सांगितलं. "माझ्यावर काय कारवाई करायची ती करा. पण सगळी पॅनेलं काढा आणि तार परत टाका. आधी बेटाला पाणी द्या."

दिवेकर उठला. त्याने हात जोडले. मॅडमच्या भावनांचा त्याला आदर होता म्हणे! पण कारखान्यात तेलाला बंदी होती, आणि हे ज्यांनी शिकवलं ते मेस्त्री इथेच बसलेत, त्यांनाच विचारा.

"दत्ताराम कुबल," अध्यक्षबाई म्हणाल्या, "कोपरे दाबताना तुम्ही तेल वापरत होता का?"

दाजी उभा राहिला. "नाय," असं म्हणाला. मागे सुलभाच्या तोंडून जो आवाज निघाला, तो शिवीपेक्षा वाईट होता.

अध्यक्षबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. "मग तेल आलं कुठून? गावकरी म्हणतात आम्ही लावलं नाही. मेस्त्री म्हणतात कारखान्यात नव्हतं. वैजयंतीबाई, ही चार पॅनेलं बेटावरून थेट तुमच्या प्रयोगशाळेत आली ना? कापताना दुसरं कोणी होतं?"

"नव्हतं."

"दार?"

"लावलेलं होतं."

दिवेकर हळूच म्हणाला, "मॅडमवर ताण होता. बेट त्यांचं आजोळ आहे. माणूस मायेपोटी काहीही करून बसतो." आणि तो खाली बसला. त्याला एवढंच बोलायचं होतं.

वैजयंतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपल्यावर काय आळ येतोय ते तिला दिसत होतं आणि चारही पॅनेलं दाराआड कापून झाल्यावर तो खोडून काढायला हातात काही नव्हतं. शेजारी लेखनिक भराभर लिहीत होता. लिहून झाल्यावर त्याने कागद दाजीपुढे ठेवला. "आजोबा, तुमची साक्ष झाली. इथे सही करा."

"काय लिवलास ता आधी वाचून दाखवा," दाजी म्हणाला.

लेखनिकाने अध्यक्षबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, तसा तो एका सुरात वाचायला लागला. "साक्षीदाराने कारखान्यात तेलाचा वापर नसल्याचे सांगितले. सबब, नमुन्यांवरील तेल प्रयोगशाळा प्रमुख श्रीमती वैजयंती कुबल यांनी स्वतः लावून खोटा पुरावा तयार केल्याचा संशय येतो. त्यांच्यावर गुन्हा—"

"थांब!" दाजी म्हणाला. "परत वाच."

त्याने परत वाचलं.

"खोटा? माझी पोर? माझा चेडू खोटा करता असा लिवलास?" म्हाताऱ्याचा आवाज दालनभर घुमला. "खोड ता! आधी खोड! तेल मी लावलंय! रोज लावलंय, पाच वर्षां, ह्या हातान! चाळीस जणांक मीच शिकवलंय!"

"आजोबा, शांत व्हा," दिवेकर घाईघाईने उठला. "तुमचं वय झालंय, तुम्हाला नीट आठवत—"

"आजोबा कोणाक म्हणतंस रे?" दाजी गर्रकन वळला. "माका सगळा आठावता. फोटो काढूच्या दिवशी तुया सोताच्या हातान माझी वाटी उचललंस. म्हणालंस, ही दिसायला नको. परवा बुधवारी माझ्या ओट्यार येवन बसलंस, चाय पिलंस आणि माका सांगलंस, मेस्त्री, फक्त नाय म्हणा, तुमचा नाव ऱ्हवात. नावाच्या लोभान मी म्हातारो नाय म्हणालंय! आणि माझ्या तोंडचा नाय घेवन तू माझ्या चेडवाक चोर ठरवतंस?"

दिवेकर खाली बसला. दाजी मग लेकीकडे वळला. वैजयंतीला वाटलं, आता जवळ घेईल. जवळ घेतोय कसला! त्याने बोट रोखलं.

"आणि तू! माझ्या कोपऱ्यार पाणी ओतूची तुका लाज वाटली? ओतूचा होता! थोबाडीत मारल्यासारखा ओतूचा होता! पयल्याच दिवशी! आज त्या बायांका हंडे मोजूची पाळी इली नसती!"

"होय, बाबा," ती म्हणाली. ती रडत होती आणि तिचा राग अजून गेला नव्हता. त्याचाही गेला नव्हता.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "बसा, मेस्त्री. तुमची साक्ष नव्याने नोंदवू. तुमचं पूर्ण नाव सांगा."

"नाव मागसून लिवा," दाजी म्हणाला. "बेटार पाणी कधी धाडतास ता आधी सांगा."

"त्याची एक पद्धत असते. अहवाल येईल, मग—"

"कधी?"

मागचे वीस जण एव्हाना उभे राहिले होते. सुलभा सगळ्यांच्या पुढे. कोणी घोषणा दिली नाही, पण बसतही नव्हतं कोणी. अध्यक्षबाईंनी शेजारच्या दोघांशी डोकं जोडून कुजबुज केली. एक जण फोन घेऊन बाहेर गेला आणि परत आला. दाजी तेवढा वेळ उभाच होता. वैजयंतीने खुर्ची पुढे केली ती त्याने पायाने मागे सारली.

"उद्या सकाळी पाण्याची बोट निघेल," अध्यक्षबाई म्हणाल्या. "आणि रोज जाईल, तार पडेपर्यंत."

"तार कधी?"

"मे अखेर. पावसाच्या आधी. अकराही गावांना."

दाजी लेखनिकाकडे वळला. "लिव," तो म्हणाला. "आणि लिवलंस ता वाचून दाखव."